जेवणानंतरची तपासणी

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत, पालकांना उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी. त्या दिवशी पालक वर्गात येत, मुलांचे पेपर चाळत आणि माझ्याशी अर्ध्या-अर्ध्या गुणासाठी हुज्जत घालत. "बाई, उत्तर बरोबर आहे, फक्त अक्षर जरा वाईट आहे" इथपासून ते "बाई, त्या दिवशी तिला सर्दी होती" इथपर्यंत सगळी कारणं मला पाठ होती. ही बाई मात्र शेवटच्या बाकावर बसून मुलीचा गणिताचा पेपर मागच्या पानापासून पुढे वाचत होती. मुलगी वर्गात पहिली आली होती आणि शेजारी बसून लाजेने अर्धी झाली होती.

बाकीचे गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. पर्समधून बाणाच्या आकाराची एक छोटी लाल चिकटपट्टी काढून तिने ती बेरजेच्या आकड्यासमोर लावली आणि म्हणाली, "बाई, हे परत बघता का?"

"कमी वाटतायत का?"

"नाही. जास्त वाटतायत."

मी सगळा पेपर तिच्यासमोर पुन्हा तपासला. तपासताना माझ्या लक्षात आलं की ती पेपराकडे बघतच नव्हती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. ते प्रत्येक ओळीवरून जातात का, की मध्येच उड्या मारतात. बेरीज बरोबर निघाली. तिने नखाने तो बाण अलगद सोडवला, परत आपल्या कागदावर चिकटवून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "आता घेते."

शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, "ही आई नव्हे, ही उलटतपासणी आहे." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे कधी ती फाटकात दिसली की कुणीतरी म्हणायचं, "आली तुमची उलटतपासणी."

ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर काम करायची, हे मला नंतर कळलं. शर्ट शिवून झाला की तिच्यापुढे येई. ती तो आधी उलटा करी. "सुलट बाजू सगळेच नीट करतात, बाई. माणूस कळतो तो आतल्या शिवणीवर." दोष दिसला की तिथे लाल बाण लावायचा आणि शर्ट माघारी पाठवायचा. दुरुस्त होऊन आला की बाण काढायचा. त्या कारखान्यात आणखी एक नियम होता. जेवणाच्या सुट्टीनंतरचं पहिलं गाठोडं दोनदा तपासायचं. पोट भरलं की डोळे नुसते फिरतात, बघत नाहीत, असं त्यांच्या जुन्या मुकादमाचं म्हणणं होतं.

मी निवृत्त झाले तेव्हा मला एकटीपुरती जागा हवी होती. तिची मुलगी तोवर शिकून परगावी नोकरीला लागली होती. मुलीच्या आईनेच सुचवलं, "बाई, आमचा वरचा मजला रिकामा आहे." अशी मी उलटतपासणीची भाडेकरू झाले. राहायला आले तेव्हा वरच्या खोल्यांत लाल बाण लावलेले होते. एक गळक्या नळाला, एक खिडकीच्या सैल कडीला, एक फरशीच्या चिरेला. "हे तुमच्यासाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत," ती म्हणाली. "दुरुस्त झालं की काढीन." आठवड्याभरात तिने ते काढलेही.

तिचा नवरा विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचा. घराच्या पुढच्या भागातच त्याचं दुकान होतं. हसरा, शांत माणूस. एकदा मला म्हणाला, "माझ्या पाठीवर कधी बाण लावील सांगता येत नाही. म्हणून मी तिला पाठ दाखवतच नाही, बाई."

"दाखवण्यासारखी आहे का पाठ?" ती आतून म्हणाली.

तर हे असं घर. त्या घरातली एक भिंत पाडायची ठरली ती तिच्या आईमुळे.

आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मुलाकडे, म्हणजे हिच्या दादाकडे राहत होती. दादा घर बदलून वरच्या मजल्यावरच्या जागेत जाणार होता, आणि तिथे लिफ्ट नव्हती. आईला आता इथेच आणायचं होतं. पण खाली दोन चिंचोळ्या खोल्या, मधे जाडजूड भिंत. आईचा चाकांचा पलंग दारातून वळत नव्हता. भिंत काढली तर एक ऐसपैस खोली होणार होती. अडचण एवढीच की ती भिंत नुसती आडोशाची नव्हती, वरच्या मजल्याचा भार घेणारी होती. तिच्या बरोबर वर माझं स्वयंपाकघर होतं. भिंत काढायची तर तिच्या जागी लोखंडी तुळई बसवायला हवी होती. त्यासाठी इमारत खात्याची परवानगी, आणि काम चालू असताना त्यांच्या तपासनिसाची फेरी. त्याने बघून "ठीक" म्हटल्याशिवाय तुळईवर गिलावा करून ती झाकायची नाही, असा कायदा होता.

"आईचा पलंग बरोबर त्या तुळईखाली येणार," ती मला म्हणाली. "तुम्हाला-मला काही आवाज आला तर आपण पळू. तिला उठताही येत नाही."

यानंतर जे काही झालं, ते सगळं या एका वाक्यातून झालं.

ठेकेदार गोड बोलणारा होता. कडक इस्त्रीचा सदरा घालून विटांच्या धुळीत उभा राहायचा आणि त्याच्यावर धूळ बसायची नाही. दर वाक्याच्या शेवटी म्हणायचा, "ताई, तुम्ही निर्धास्त राहा."

तो गेला की ती नवऱ्याला म्हणायची, "निर्धास्त राहा म्हणणाऱ्यावरच लक्ष ठेवायचं असतं."

"अगं, तो काय सांगेल मग? धास्तावून राहा?"

"काही सांगू नये. काम करावं."

काम करणारे होते ते गवंडीमामा. वयस्कर, सुकलेले, दिवसातून चार वाक्यं बोलणारे. ठेकेदार सकाळी येऊन भिंतीवर गेरूने लाल फुल्या मारायचा. फुली दिसेल तिथे मामांची छिन्नी चालायची; फुली संपली की छिन्नी थांबायची. एकदा मी विचारलं, "मामा, चुकून कुणी भलतीकडेच फुली मारली तर?"

"मारणाऱ्यानं बघावं," मामा म्हणाले आणि वीट उचलून बाजूला ठेवली.

पहिल्यांदा तपासनीस आले ते सकाळी. उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. खिशात विजेरी, काखेत फाइल. भिंत काढण्याआधी छताला लोखंडी टेकू लावले होते. साहेबांनी एकेक टेकू दोन्ही हातांनी हलवून बघितला, खालच्या फळ्या बुटाने दाबल्या आणि म्हणाले, "एका ओळीवर भागणार नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना टेकू लावा. तोपर्यंत एक वीटही काढायची नाही." चहा विचारला तर नको म्हणाले.

ते गेल्यावर ठेकेदार आवाज खाली आणून म्हणाला, "हे साहेब अडवून धरण्यात प्रसिद्ध आहेत, ताई. काहीतरी हवं असेल."

"प्रत्येक टेकू हलवून बघितला ना त्यांनी?" ती म्हणाली. "मला आवडला हा माणूस."

टेकूंची दुसरी ओळ लागली. भिंत निघाली. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे घातले, त्यांच्यावर तुळईची टोकं बसवली, टोकांभोवती वीटकाम केलं. माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत कपबश्या आपोआप किणकिणायच्या. मी फरशीवर काठोकाठ भरलेली वाटी ठेवून पाणी हिंदकळतं का ते बघत बसायची. संशयाची साथ आली की ती वरच्या मजल्यावरही येते.

दुसऱ्या फेरीला साहेब दुपारी आले. ती अर्धी रजा टाकून घरी थांबली होती. मी माझ्या खोल्यांची किल्ली द्यायला खाली आले होते. साहेब रुमालाने ओठ टिपत दारातच उभे राहिले. खालूनच विजेरीचा झोत तुळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. शिडी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिला त्यांनी हात लावला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर बोलत बोलतच त्यांनी सही केली. "ठीक आहे. झाकून घ्या." आणि गेले.

ठेकेदाराने हात जोडले. "म्हटलं नव्हतं, ताई? उद्या गिलावा."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "बाई, शिडीवर चढले नाहीत."

"अनुभवी माणूस आहे. खालून कळत असेल."

"जेवून आले होते."

मी हसले. ती हसली नाही.

संध्याकाळपर्यंत तिची गणितं पुरी झाली. पहिल्या खेपेला हाच माणूस एवढा कडक, दुसऱ्या खेपेला एवढा मऊ. मधल्या दिवसांत काय घडलं? नवऱ्याने आठवून सांगितलं की ठेकेदाराची स्कूटर त्याने इमारत खात्याच्या दारात उभी पाहिली होती. त्याने हे सहज सांगितलं आणि लगेच पस्तावला.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली.

"अगं, त्याची आणखी दहा कामं चालू असतील. कागद द्यायला गेला असेल."

"असेल. पण झाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ठेकेदार गिलाव्याचं सामान घेऊन आला, तर ही दारात उभी. "भाऊ, गिलावा नको. साहेब परत बघतील, मग करा."

"साहेबांनी पास केलंय, ताई."

"केलंय."

"मग?"

"म्हणूनच."

ठेकेदाराच्या चेहऱ्यावरचा गोडवा पहिल्यांदा जरा उतरला. त्याला वाटलं असावं, या बाईला आपल्याला घालवून दुसऱ्याला आणायचं आहे. त्याने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलंही, "तुमच्या मनात दुसरं कुणी आहे का?" नवरा म्हणाला, "माझ्या मनात काहीच नाही. ते सगळं तिच्या मनात आहे."

दादाचा रोज फोन यायचा. ती स्पीकर लावून भांडी घासायची, त्यामुळे जिन्यातून मला ऐकू यायचं.

"आईला कधी नेतेस? आमचं सामान बांधून झालंय."

"तुळई उघडी आहे, दादा."

"उघडी म्हणजे? ती काय उघड्यावर थंडीने मरणार आहे? तुला आईला न्यायचंच नाही, असं तुझी वहिनी म्हणतेय."

"वहिनीला सांग, मी तिच्यासारखी नाही." मग नळ बंद करून, "नेणार आहे. पण तुळई बघितल्याशिवाय नाही."

ती इमारत खात्यात गेली तेव्हा नवराही सोबत गेला. तिथे काय झालं ते त्याने मला दुकानात बसून, हातातली तांब्याची तार गुंडाळत गुंडाळत सांगितलं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "काम नामंजूर झालं का?" ही म्हणाली, "नाही, मंजूर झालंय." "मग तक्रार काय?" "तीच." कारकुनाने चष्मा काढला. नामंजूर झालेल्यांनी पुन्हा तपासा म्हणावं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मंजूर झालेल्याने पुन्हा तपासा म्हणणं हे त्याला सापळ्यासारखं वाटलं. "तुम्हाला कुणी पाठवलं? साहेबांवर कुणाचा राग आहे?" असं त्याने हळूच विचारलं. ही म्हणाली, "कुणाचा नाही. फक्त सकाळचे पाठवा, जेवायच्या आधी." कारकुनाला हे वाक्य कुठे बसवावं कळेना. त्याने नाव-पत्ता घेतला आणि "कळवतो" म्हणाला, पण बघत होता असा की जणू हिच्या पदराआड कॅमेरा आहे.

दोन-तीन दिवस काही आलं नाही. मग एका सकाळी पाळीवर निघताना तिने शिडी लावली आणि तुळईपर्यंत चढली. साहेब आले तर नेमकं काय विचारायचं, याच्या खुणा करून ठेवाव्यात म्हणून तिने पर्समधले लाल बाण काढले. एका टोकाला, जिथे तुळई ठोकळ्यावर बसते, तिथे सांध्यावर एक. त्याच्या खाली ठोकळ्यावर दोन. वीटकामात एक रेघ दिसली तिथे एक. कारखान्यातल्यासारखं. तिच्या दृष्टीने ते प्रश्न होते. मग तिने साडी झटकली आणि कामावर गेली.

मी त्या दिवशी नवा चष्मा आणायला गेले होते. नवरा एक मोटर पोचवायला गेला होता. ठेकेदार रुसून दुसऱ्या कामावर होता. गवंडीमामा मात्र रोजच्यासारखे आले.

संध्याकाळी मी आणि ती फाटकात एकाच वेळी पोचलो. आत गेलो तर जमिनीवर काँक्रीटचे तुकडे पडलेले, आणि तुळईच्या त्या टोकाखाली मूठ जाईल एवढी पोकळी. ठोकळ्याचा पुढचा भागच नव्हता. टेकूंच्या दोन्ही ओळी अजून जागेवर होत्या म्हणून वर माझं स्वयंपाकघर शाबूत होतं.

तिने खाली बसून तुकड्यांत बोटं फिरवली. "माझे बाण नाहीत," ती म्हणाली. "काढून टाकलेत."

"कुणी?"

"ज्याला भीती होती त्यानं. आतून पोकळ ठेवलं होतं, बाई. साहेब परत येणार म्हटल्यावर गुपचूप दुरुस्त करायला निघाला."

तिने तिथूनच ठेकेदाराला फोन केला. तो म्हणत होता, "ताई, देवाशप्पथ, मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही." तिने फोन बंद केला. "फिरकला नाही म्हणे. चोराच्या मनात चांदणं." तिच्या आवाजात राग कमी होता आणि एक प्रकारची सुटका जास्त. आपण उगाच संशय घेतला नाही, याची सुटका. ती मला त्या दिवशी फारशी आवडली नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

नवऱ्याने माझी शेगडी उचलून बाहेरच्या खोलीत आणली. "थोडे दिवस इथेच रांधा, बाई," म्हणाला. फरशीवरची माझी वाटी तशीच राहिली. पाणी हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब आले. त्यांना कारकुनाने काय सांगितलं होतं कोण जाणे, ते आत आले तेच सगळीकडे बघत, मलाही "तुम्ही कोण?" असं विचारत. मी शिक्षिका म्हटल्यावर त्यांचा संशय कमी न होता वाढला. ठेकेदारही आला, सदऱ्याची एक बाही दुमडायची विसरून.

साहेब या वेळी शिडीवर चढले. विजेरी पोकळीत घातली, बोट फिरवलं, बोटावरची भुकटी बघितली.

"हे आतून पोकळ नव्हतं," ते वरूनच म्हणाले. "हे ताजं आहे. छिन्नीनं तोडलंय. कुणी तोडलं?"

ठेकेदार तिच्याकडे वळला. "ताई, माझ्यावर संशय होता तर तोंडावर सांगायचं. मला अडकवायला हे तोडून घेतलंत?"

"माझ्या आईच्या डोक्यावरची तुळई मी तोडून घेईन?"

"मग मी माझं स्वतःचं काम तोडीन?"

"आणि मला यात कशाला ओढताय दोघं?" साहेब शिडीवरून उतरत म्हणाले. "मी मंजूर केल्यावर हे झालंय. उद्या माझ्यावर येईल."

तिघंही एकमेकांकडे बघत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे दोघे सामील आहेत. मी पुष्कळ वर्षं मुलांची भांडणं सोडवली आहेत. पाटी कुणी फोडली यावरून वर्ग असाच बघतो. शेवटी नवरा दुकानाच्या दारातून म्हणाला, "गवंडीमामांना विचारलंय का कुणी?"

विचारलं नव्हतं. मामा कोपऱ्यात डबा उघडून बसले होते.

"मी तोडलं," मामा म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" ठेकेदार ओरडलाच.

"खुणा होत्या. लाल." मामांनी डब्याचं झाकण उलटं करून दाखवलं. त्यावर चारही बाण नीट एका रांगेत चिकटवलेले होते. "चांगले होते. नासू नयेत म्हणून काढून ठेवले. जिथं बाण, तिथं तोडलं. बाणाचं टोक आत होतं, म्हणून आत गेलो. पुढं लोखंड लागलं तेव्हा म्हटलं, आता विचारावं. म्हणून थांबलो."

तिने झाकण हातात घेतलं. तिचा चेहरा मी शाळेपासून ओळखत होते, पण असा कधी पाहिला नव्हता. तिच्या बाणाचा अर्थ जगात एकच आहे, असं ती धरून चालली होती. इथे जागोजागी लाल फुल्या बघूनही, मामांशी रोज बोलूनही, लाल खूण म्हणजे मामांसाठी छिन्नी, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मामा," ती हळू म्हणाली, "तोडायच्या आधी कसं होतं?"

"घट्ट. हात भरून आले माझे."

मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही सांगा. त्या दिवशी ते नीट होतं ना?"

साहेबांना "हो" म्हणणं सोपं होतं. सही होती, शिक्का होता, मामांची साक्षही होती. ते खिशातली विजेरी काढून तिचं बटण उगाच चालू-बंद करत राहिले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी त्या दिवशी वर चढलोच नव्हतो."

मला वाटलं, आता उलटतपासणीला तिचा दिवस मिळाला. पण तिने काही मिरवलं नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा. आमच्या कारखान्यात जेवणानंतरचं पहिलं गाठोडं दोनदा बघतात. माणूस चोर असतो म्हणून नाही. जेवलेला असतो म्हणून."

"आमच्याकडे असा नियम नाही," साहेब बसत म्हणाले.

"करा की."

ते पहिल्यांदा किंचित हसले. मग ती ठेकेदाराकडे गेली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. ज्याची सवय नाही ते शब्द असे तोंडात अडतात. "भाऊ, तुमचं काम घट्ट होतं. तोडलं ते माझ्यामुळं. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"जाऊ द्या, ताई. आता तरी निर्धास्त..." म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. नवरा दुकानात तोंड फिरवून हसला.

पण हसून भागणार नव्हतं. ठोकळा नव्याने घालायचा, तो पुरता कडक होईपर्यंत टेकू हलवायचे नाहीत, असं साहेबांनी बजावलं. आणि त्याच आठवड्यात दादाचं घर रिकामं झालं. त्याने वाट बघितली नाही. एका दुपारी आईला गाडीत घालून सरळ दारात आणलं. खोली टेकूंनी भरलेली. पलंग ठेवायला जागा नाही.

ती दारात उभी राहिली आणि पहिल्यांदा मला म्हणाली, "बाई, काय करू?"

उत्तर नवऱ्याने दिलं, तेही न बोलता. त्याने दुकानातल्या मोटारी, तारांची रिळं, सगळं बाहेर ओट्यावर मांडलं, दुकान धुतलं आणि पलंग तिथे लावला. आई रस्त्याकडे तोंड करून पडली. येणारं गिऱ्हाईक आधी तिलाच विचारायचं, "आजी, मोटर झाली का?" आणि आजी सांगायच्या, "जळलेली आहे. परवा या." आयुष्यात इतक्या लोकांनी त्यांना कधी काही विचारलं नसेल. दादा मात्र त्या दिवशी चहाही न घेता गेला, आणि बहिणीने मुद्दाम काम लांबवलं असं तो अजूनही म्हणतो.

साहेब नंतरही आले, न बोलावता, आणि दर वेळी सकाळी. शेवटच्या फेरीला त्यांनी शिडीवर चढून दोन्ही टोकं बघितली, हाताने ठोकली, विजेरी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्हीही चढा." ती चढली. नव्या ठोकळ्यावर हात ठेवला, तुळईच्या वरच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे बोट फिरवलं. उतरून म्हणाली, "झाका."

शाळेत मुलीचा पेपर घेताना म्हणाली होती, "आता घेते." तोच आवाज होता.

गिलावा झाला, रंग झाला, टेकू गेले. माझी शेगडी परत जागेवर आली. ठेकेदाराने मामांना सक्त ताकीद दिली म्हणे, की यापुढे खूण दिसली तर आधी विचारायचं, कुणाची आहे. मामा म्हणाले, "तेव्हाच म्हटलं होतं, मारणाऱ्यानं बघावं." ते चार बाण मात्र त्यांच्या डब्याच्या झाकणावर तसेच राहिले. तिने परत मागितले नाहीत.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ती अजून त्याच कारखान्यात शेवटच्या टेबलावर आहे. आई त्या मोठ्या खोलीत असते. पलंग आता सहज वळतो. तो तुळईखाली यायचा होता, तसा नकाशाच होता. पण सामान लावायच्या दिवशी तिने तो खिडकीशी लावून घेतला. आईने विचारलं, "इथं का गं?" ती म्हणाली, "उजेड येतो."

तुळईखाली तिची स्वतःची खाट आहे.